नाताळपर्यंत

आई जुलैत आमच्याकडे आली तेव्हाच ठरलं होतं, नाताळपर्यंत. ठरवलं मी आणि माझ्या भावाने, फोनवर, पंधरा मिनिटांत. वडील जाऊन महिना झाला होता. भाऊ पुण्यात, आणि त्याच्या बायकोचं आणि आईचं पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. राहता राहिले मी, इकडे चंदीगडला, विमानतळाजवळच्या एअरोसिटीत तिसऱ्या मजल्यावर. नगरजवळ आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्याच काही लोकांनी चालवलेलं म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे. तिथे नव्या खोल्या डिसेंबरअखेर तयार होणार होत्या. ऑक्टोबरमध्ये मी तिथे होकार कळवला, अठ्ठावीस डिसेंबरचं पुण्याचं विमानाचं तिकीट काढलं, आणि आईला एवढंच म्हटलं, "इथे कायमचं राहायचं का, ते नाताळनंतर बघू."

म्हणजे मी खोटं बोलले. तेव्हा मी त्याला खोटं म्हणत नव्हते. बिचारीचा नाताळ कशाला खराब करा, असं नवऱ्याला सांगितलं, आणि तो मान डोलवून पेपर वाचायला लागला. पण त्यात बिचारी-बिचारी काही नव्हतं. आईने काही तरी मिळवण्यासाठी धडपडावं आणि मी नुसतं बघत बसावं, असं मला फार वर्षांपासून हवं होतं. ते आयतं चालून आलं होतं.

आईने माझं वाक्य परीक्षा म्हणून घेतलं, किंवा घेतलं असं मला तेव्हा वाटलं. चौतीस वर्षं ती मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन होती. परीक्षा घ्यायची, निकाल लावायचा, त्यावर कुणी बोलायचं नाही, हेच तिचं आयुष्य. आता फराळ करून दाखवायचा, चोवीस तारखेला शेजारी ताटं पाठवायची, पंचवीसला पाहुणे जेवून तृप्त व्हायचे, आणि मग मुलगी म्हणेल राहा. तोंडाने ती असं एकदाही म्हणाली नाही. पण नोव्हेंबर लागला तशी तिने माझ्या स्वयंपाकघरातले डबे उतरवून घासायला घेतले, आणि हात थरथरत होते तरी एकाही डब्याला पोचा येऊ दिला नाही.

इथे चंदीगडमध्ये नाताळ म्हटलं की लोकांना केक आठवतो आणि मॉलमधला लाल टोपीवाला म्हातारा. आम्ही नगरकडचे. आमच्यात नाताळला फराळ लागतो. करंज्या, चकल्या, शेव, आणि अनारसे झाल्याशिवाय तर नाताळ झालाच नाही. दिवाळीत आजूबाजूच्या घरांतून ताटं आमच्याकडे यायची, नाताळात आमची त्यांच्याकडे जायची, आणि कुणाची करंजी खुसखुशीत यावर वर्षभर बोललं जायचं. माझ्या मुलीला हे सगळं ऐकून माहीत. ती पंधरा वर्षांची, इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत देते. मी गेली बारा वर्षं बेकरीतून केक आणते आणि बाल्कनीत कागदी चांदणी लावते, झाला नाताळ. फराळ मी करत नाही. मला येतो, पण मी करत नाही.

त्याचं कारण बोर्डिंगमध्ये आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या मोठ्या खोलीत साठेक मुली रांगेत बसून करंज्या करायच्या. कुणी लाट्या लाटायच्या, कुणी सारण भरायचं, कुणी कातण फिरवायचं. आई मधून चालायची. पायात वहाणा नाहीत, त्यामुळे ती मागे येऊन उभी राहिलेली कळायचीच नाही. वाकडी करंजी दिसली की ती दोन बोटांनी उचलून वर धरायची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्याला मोडक्याचा डबा म्हणत. जिचं मोडकं, तिने तेच खायचं, नवीन वर्ष लागेपर्यंत. चांगला फराळ ताटांत जायचा, पाळकसाहेबांकडे, डॉक्टरांकडे, गावात. मोडकं करणारीला नाताळच्या दिवशीसुद्धा चांगली करंजी मिळायची नाही.

मी नऊ वर्षांची असताना माझी एक करंजी तेलात फुटली. सारण सगळ्या कढईभर झालं, तेल काळं पडलं आणि अख्खा घाणा वाया गेला. आईने मला समोर बोलावलं. मेट्रनची पोरगी, म्हणून मला सगळ्यांपेक्षा जास्त. तो अख्खा घाणा, जळकी साखर चिकटलेला, मी उभ्याने खायचा, मुली बघत असताना. मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी उपासनेला नव्या फ्रॉकवर ओकले. आईने मला बाहेर नेलं, नळाखाली धरलं आणि म्हणाली, "नवीन फ्रॉक तुला शिवायलाच नको होता." मुलींनी मेट्रन आपल्या पोरीचे लाड करते म्हणू नये, म्हणून ती माझ्याशी तशी वागायची. हे मला आता कळतं. कळलं म्हणून पोटातलं जात नाही.

आणि मी तिच्यापेक्षा फार वेगळी झाले असंही नाही. सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. चादरीचा कोपरा नीट बसला नसेल तर मी अख्खी खाट उसकटते आणि पहिल्यापासून करायला लावते, पेशंटदेखत. मुली मला पाठीमागे काय म्हणतात ते मी जिन्यात एकदा ऐकलं आहे. लिहिण्यासारखं नाही.

डिसेंबर लागताच आईने मला तांदूळ आणायला सांगितला. अनारशाला जुना, जाडा तांदूळ लागतो. नवा तांदूळ चिकट असतो, त्याचे अनारसे तुपात सोडले की फसफसतात आणि विरघळून पसरतात. आमच्याकडे त्याला अनारसा हसला असं म्हणतात. हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. सेक्टर २२ च्या बाजारात दुकानदाराने मला विचारलं, "नया चाहिए या पुराना?" संध्याकाळ झाली होती, धुकं उतरायला लागलं होतं, मला घरी जायची घाई होती. मी म्हटलं, "जो सामने है, दे दो." समोर नवा होता. मी मुद्दाम केलं असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. पण चुकून केलं असंही म्हणता येत नाही.

घरी आईने पिशवीत हात घातला, एक दाणा दाताखाली धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "जुना आहे ना गं?"

"जुनाच आहे," मी म्हटलं.

तिने दाणा चावला आणि तांदूळ धुवायला घेतला.

तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, हा तिचा आयुष्यभराचा हिशेब. पण तो नगरचा हिशेब. इथे डिसेंबरात नळाचं पाणी हाताला चावतं. आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, दुपारी तीनलाही दिवे लावावे लागतात. तिसऱ्या दिवशी तांदळाला आंबूस वासच नव्हता. मला ते स्वयंपाकघरात पाऊल टाकताच कळलं होतं. आईने वास घेतला, थोडं थांबली, आणि तरीही तीन दिवस झाले म्हणून उपसून चादरीवर पसरला. चादरीवर तो दोन दिवस ओलाच राहिला. मग दळला, गूळ घातला, गोळा केला, आणि तो स्टीलच्या डब्यात घालून स्वतःच्या रजईत घेऊन झोपली, ऊब मिळावी म्हणून. माझ्या मुलीला याची भारी गंमत वाटली. "आजी, आप बेबी के साथ सो रहे हो," म्हणत ती हसायची. आजीही हसायची. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "रजईला गूळ लागला तर धुणार कोण?"

तळायच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली. नवऱ्याला म्हटलं, आईला मदत. तो विद्यापीठात संशोधन करतो, गरीब स्वभावाचा माणूस, पण त्या दिवशी निघताना दारात बूट घालता घालता म्हणाला, "तिला सांगून टाक. हे असं बरं नाही."

"तू सांग मग."

"माझी आई नाही ती," तो म्हणाला आणि गेला.

आईने खसखशीवर पहिला अनारसा थापला. बोटं थरथरत होती म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरून थापला. तुपात सोडला. तो एक क्षण तसाच राहिला आणि मग कढईभर हसला. नुसता भुगा झाला. दुसरा, तिसरा, तेच. चौथ्याला तिने पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळून पाहिलं, तो जरा धरला आणि झाऱ्यावर घेताना मोडला. माझी मुलगी कट्ट्यावर बसून बघत होती. तिला वाटलं तूपच खराब आहे. "आजी, कोई बात नहीं, टेस्ट तो अच्छा है," असं म्हणून ती बोटाने भुगा खात होती.

मी कपाट उघडलं, सगळ्यात जुना डबा काढला, आणि आईच्या समोर ठेवला. म्हटलं, "हे ह्यात टाक."

तिला लगेच कळलं. माझ्या मुलीला कळलं नाही. आईने गॅस बारीक केला आणि झाऱ्याने तो सगळा भुगा, मोडके तुकडे, गाळ, एकही न सोडता त्या डब्यात भरला. मग माझ्या मुलीला म्हणाली, "आजीचं भिजवायचं चुकलं बरं का. थंडीचं मला लक्षात आलं नाही."

तांदूळ नवा होता हे तिने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. पोरीसमोर तिने दोष स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला.

पुढे दहा दिवस मी तिला चहाबरोबर त्याच डब्यातलं दिलं. चकल्या झाल्या, शेव झाली, करंज्या तर तिने सुंदर केल्या, कातणाने नव्हे, हाताने मुरड घालून, थरथरत्या हातांनी एकेका करंजीला पाच-पाच मिनिटं लावून. ते सगळं मी मोठ्या डब्यांत भरून वर ठेवलं. आईच्या बशीत मोडकं. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीच्या लक्षात आलं.

"मम्मा, ये क्या है? आजी को ठीक वाले क्यों नहीं देते?"

"पूछ अपनी आजी से, ये नियम किसका है."

आईने बशी पुढे ओढली. "नियम माझाच आहे," ती म्हणाली. "मी पुष्कळ मुलींना खायला लावलं. तुझ्या आईलापण." आणि तो गुळाचा कडक झालेला भुगा तिने चहात बुडवून खाल्ला. तिच्या खालच्या दाढा नाहीत.

माझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डबा ओढला, मूठभर भुगा स्वतःच्या बशीत घेतला आणि आजीबरोबर खाऊ लागली. मी ओरडले, परीक्षा जवळ आली आहे, पोट बिघडेल. ती म्हणाली, "बिगड़ने दो." तेव्हापासून दोन आठवडे माझी मुलगी माझ्याशी गरजेपुरतं बोलली. मला राग आला होता, पण कुणाचा ते नीट सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी हॉस्पिटलातून आले तर घराला कुलूप. आई आणि माझी मुलगी रिक्षाने सेक्टर २२ ला गेल्या होत्या. आईला इथली भाषा येत नाही, बोर्डिंगमधली मोडकी हिंदी तेवढी येते. तरी तिने चार दुकानं फिरून, प्रत्येक ठिकाणी दाणा चावून, जुना जाडा तांदूळ आणला होता. स्वयंपाकघरात पिशवी ठेवताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो नवा होता."

मी पाण्याचा ग्लास भरला आणि प्यायले.

या वेळी दोघींनी मिळून केलं. कोमट पाणी, पातेलं हिटरपासून हातभर अंतरावर, आणि तीन दिवसांचा हिशेब सोडून वास येईपर्यंत थांबायचं. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पातेल्यात नाक घालायची. "अभी नहीं आजी." "अजून नाही," असं आई तिला म्हणायला लावायची. पाचव्या दिवशी वास आला. मी माझ्या खोलीत बसून पेपर तपासत होते, भिंतीपलीकडे दोघी टाळ्या वाजवत होत्या. माझ्या आईने टाळ्या वाजवलेल्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

चोवीसला सकाळी अनारसे तळले. मी आत गेले नाही. दारात उभी राहून बघितलं. माझी मुलगी थापत होती, आई झाऱ्याने तूप उडवत होती. अनारसे सोनेरी, जाळीदार, खसखस वर, एकही मोडला नाही. एक वाकडा झाला होता. माझ्या मुलीने विचारलं, "इसका क्या करें?" आईने तो फुंकर मारून गार केला आणि तिच्या तोंडात घातला.

मी तिथून निघून बाल्कनीत गेले. पाच मिनिटं त्या चांदणीची वायर सारखी करत राहिले. ती सारखीच होती.

दुपारी ताटं गेली. खालच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात, सरदारणी, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्या तासाभरात आमचंच ताट परत भरून, पिन्न्या घालून, वर आल्या. पिन्नी म्हणजे इकडचा तुपातला कणकेचा लाडू. दारातूनच ओरडल्या, "ये गोल वाली चीज़ किसने बनाई है? ये जाली कैसे आई?"

"हमने बनाया," आई म्हणाली. "हमारा नातीने मदत किया."

"बीजी, मुझे सिखाओ. अगली बार मेरे साथ बनाना, पक्का."

आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटलं नाही. त्या बाई गेल्यावर तिने घरच्या ताटातला एक अनारसा उचलून माझ्यापुढे धरला.

"कसा झालाय बघ."

आयुष्यात तिने मला कधी काही कसं झालंय ते विचारलं नव्हतं. मी खाल्ला. असा अनारसा मी बोर्डिंगमध्येसुद्धा खाल्ला नव्हता. म्हणायला दोन शब्द लागले असते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "तूप जरा जास्त पितोय."

आईने मान हलवली, जशी आपण बरोबर सांगणाऱ्याला हलवतो, आणि ताट झाकून ठेवलं. माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, "आजी को मेरे रूम में रहने दो. हमेशा. मैं एडजस्ट कर लूँगी." हे ती मला म्हणत होती की हवेला, कळायला मार्ग नव्हता.

मी असं म्हणणार नाही की माझं मन वितळलं. माझं मन वितळत नाही, माझ्या विद्यार्थिनींना विचारा. पण मला लाज वाटली. सरळ, साधी लाज. एका म्हाताऱ्या बाईला मी अडीच महिने आशेवर ठेवलं, तिला खोटा तांदूळ दिला, भुगा खायला घातला, आणि त्या सगळ्यातून पार होऊन तिने माझ्या पोरीला एक गोष्ट शिकवली, जी मी तिला बारा वर्षांत शिकवली नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, उद्या सकाळी सांगते, राहा म्हणून. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. त्याने माझा हात धरला. मला बरं वाटलं, आपण चांगल्या माणसांत मोडतो असं वाटलं.

पंचवीसला सकाळी उपासना दहा वाजता. नऊला मी नवऱ्याच्या अभ्यासाच्या खोलीत गेले, तिथे आईची खाट लावली होती. बाहेर पांढरंफटक धुकं, विमानांचा आवाजही नव्हता, सगळी उशिराने होती. ती साडी नेसून खाटेवर बसली होती आणि पदराला पिन लावायचा प्रयत्न करत होती. मी पिन घेतली आणि लावली.

"आई, तुला एक सांगायचंय. नगरच्या त्या घरात मी तुझं नाव दिलंय. ऑक्टोबरातच दिलं. अठ्ठावीसचं तिकीटपण काढलंय."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मी तिचा पदर पुन्हा सारखा केला.

"तिथली मुख्य बाई माझ्या बोर्डिंगची पोरगी," ती म्हणाली. "तिचा मला फोन आला होता. मेट्रनबाई, तुम्हाला खिडकीजवळची खाट ठेवू का म्हणाली. तांदूळ आणायला सांगितला ना तुला, त्याच्या आदल्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगेल."

"आणि हे सगळं? दोन-दोनदा अनारसे?"

"नाताळ होता," ती म्हणाली. "नाताळला अनारसे करतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागावर मी उलट रागवू शकते. मी तिच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि जे ठरवून आले होते ते म्हटलं. "जाऊ नकोस. मी आज त्यांना कळवते. तू इथेच राहा. पोरीच्या खोलीत राहा, ती म्हणतेच आहे. खरंच राहा."

आईने उशीजवळचा चष्मा घेतला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. पुष्कळ वेळ. मग म्हणाली, "नाही. मी जाते."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

एकच क्षण. मी ते बोलवलं नव्हतं, ते आपलं आपण आलं. खांदे खाली आले असतील, श्वास सुटला असेल. रोजचा तिचा चहा, तिच्या गोळ्या, रात्रंदिवस तिचं ते न बोलता बघणं, सगळं तीन दिवसांत संपणार, हे माझ्या अंगाला माझ्या आधी कळलं आणि तोंडावर आलं. चौतीस वर्षं जिने साठ-साठ मुलींच्या तोंडावरून खरंखोटं वाचलं, तिच्यापासून ते लपणार नव्हतं. तिने पाहिलं. मी पाहिलं की तिने पाहिलं.

ती नाही म्हणाली ते ठरवून म्हणाली, की ते ऐकून माझं तोंड कसं होतं हे बघायला म्हणाली, मला आजही ठाऊक नाही. तेव्हा पुन्हा एकदा राहा म्हणायला हवं होतं. पुरेसा वेळ होता. शेजारच्या खोलीत माझी मुलगी केस विंचरत गाणं म्हणत होती, ते मी ऐकत बसले.

आईने चष्मा काढून त्याच्या डबीत ठेवला.

"चल," ती म्हणाली. "उपासनेला उशीर होईल."